संत्र्याचा डिंक्या आणि जुनिपरची साल

नागपूरकडच्या संत्रा बागायतदाराला डिंक्या रोग सांगावा लागत नाही. बुंध्याची साल सडते, डिंक गळतो. सड एका अंगाला असेतो झाड तग धरतं. बुंध्याभोवती तिचं कडं पूर्ण झालं की वाळतं. गच्चीतल्या जुनिपर या सूचिपर्णी झाडाच्या बोन्सायवर शोभेसाठी मुद्दाम वठलेलं लाकूड घडवतानाही हेच ध्यानात ठेवायचं. वठलेल्या फांदीला जपानीत ‘जिन’ म्हणतात, खोडावरच्या सोललेल्या पट्ट्याला ‘शारी’.

पानांतली साखर सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते, पाणी त्याच्या आतल्या लाकडातून वर चढतं. मधोमधचा गाभा तसाही मेलेलाच, म्हणून पट्टा सोलला तरी झाड जगतं. मात्र जुनिपरमध्ये ठरावीक मुळं ठरावीक फांद्यांना पोसतात. मधली वाट कापली गेली की ती फांदी गेलीच.

आणि हे झाड लबाड आहे! मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसतं. माझं पहिलं मी ऐन मे महिन्यात सोललं, पारा 45 च्या घरात असताना. महिनाभर शेजाऱ्यांना कौतुकाने दाखवलं. जुलैत ते तपकिरी पडलं. आता दिवाळीनंतरच हात लावतो. खडूने रेघ मारून आधी अरुंद पट्टा सोलायचा, कडेची साल फुगून वळ धरला की पुढच्या वर्षी थोडा वाढवायचा.

जिनसाठी फांदी कात्रीने सपाट छाटू नये. खुंट ठेवावा, बुडाशी सुरीने सालीला गोल काप द्यावा, पक्कडीने साल चेचून सोलावी. मग टोकाचे तंतू पक्कडीत धरून हळूहळू ओढावेत; वाऱ्याने मोडल्यासारखं लाकूड फाटतं. चीर जिवंत खोडात शिरण्याआधी थांबायचं.

सोललेलं लाकूड कुजू नये म्हणून शेवटी लाइम सल्फर, म्हणजे चुना-गंधकाचं द्रावण. बागेतली मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट फासायचा मोह होतो, पण मोरचुदाने लाकूड निळसर दिसतं. लाइम सल्फर ओलसर लाकडावर लावलं की आधी पिवळं, उन्हात हळूहळू पांढरं होतं. वास सडक्या अंड्यांचा! आम्लाशी गाठ पडली तर विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, म्हणून संडास धुण्याच्या अॅसिडजवळ बाटली ठेवू नये. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा हवीच. लावताना कुंडीतली माती प्लास्टिकने झाकावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात मातीलगतचं लाकूड सगळ्यांत आधी कुजतं. जूनपूर्वी तिथे आणखी एक हात द्यावा.