सेंद्रियतेचा शिक्का नेमकी कशाची ग्वाही देतो?

दोन वांगी शेजारी ठेवली, तर त्यांतले सेंद्रिय कोणते हे पाहून सांगता येत नाही आणि भाजी करून खाल्ल्यावरही कळत नाही. ज्या मालाचा दावा गिऱ्हाइकाला घेण्याआधी पारखता येत नाही आणि वापरल्यानंतरही नाही, अशा मालाचा वेगळा वर्ग डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये मांडला. सेंद्रिय अन्न त्याच वर्गात मोडते.

प्रयोगशाळा हा प्रश्न सोडवील असे वाटते, पण तिची मदत अर्धीच होते. कीटकनाशकाचे अवशेष ती शोधू शकते; खताचे मात्र तसे नाही. युरियातून पिकाला मिळालेला नायट्रेट आणि शेणखतातून मिळालेला नायट्रेट हे रासायनिकदृष्ट्या एकच असतात. नायट्रोजनच्या जड समस्थानिकाचे (म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या किंचित जड अणूंचे) प्रमाण शेणखतात सहसा जास्त आढळते, त्यामुळे काही अंदाज बांधता येतो. परंतु ताग किंवा धैंचा हिरवळीचे खत म्हणून गाडून घेतलेल्या शेतातला नायट्रोजन थेट हवेतून आलेला असतो आणि कारखान्यातल्या खताचा नायट्रोजनही मुळात हवेतलाच, म्हणून प्रामाणिक शेतकऱ्याचे पीकही या कसोटीत संशयास्पद ठरू शकते. त्यामुळे जगभरातील नियम मालाची नव्हे, तर तो पिकवण्याच्या पद्धतीची ग्वाही देतात. बाजारात ‘रेसिड्यू फ्री’ (कीटकनाशकांच्या अवशेषांपासून मुक्त) म्हणून विकली जाणारी द्राक्षे सेंद्रिय असतीलच असे नाही, ते याच कारणाने.

भारतात हे नियम आधी परदेशी ग्राहकासाठी झाले. 2001 पासून वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम राबवला जाऊ लागला आणि त्याची जबाबदारी अपेडा या कृषिमालाच्या निर्यातीसाठीच्या सरकारी प्राधिकरणाकडे आली. हंगामी पिकांना सुमारे 2 वर्षांचा व फळबागांना 3 वर्षांचा रूपांतर काळ (रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे वळण्याचा), शेजारच्या फवारणीपासून बचावासाठी राखीव पट्टा, बियाणे-निविष्ठांच्या नोंदी आणि बाहेरच्या संस्थेची तपासणी, असा हा कारभार आहे. एकट्या अल्पभूधारकाला तो खर्च पेलत नाही, म्हणून शेतकऱ्यांच्या गटाने अंतर्गत तपासणी करायची आणि बाहेरच्या संस्थेने त्यातील काही शेतेच पाहायची, अशी सवलत मिळाली. माझ्या मते साखळीचा सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे. अमेरिकेने 2021 मध्ये अपेडाच्या देखरेखीला दिलेली मान्यता काढून घेतली. त्याच सुमारास युरोपीय संघाने भारतातील 5 प्रमाणन संस्थांची मान्यता रद्द केली. युरोपीय संघाच्या निर्णयामागे तिळात सापडलेल्या इथिलीन ऑक्साइडचे प्रकरण होते. हा वायू जंतुनाश करण्यासाठी वापरतात आणि तोही सहसा काढणीनंतर. म्हणजे शेतात सगळे नियम पाळले गेले असले, तरी गोदामापाशी ग्वाही तुटू शकते.

देशी ग्राहकाची पाळी बरीच उशिरा आली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2017 मध्ये सेंद्रिय अन्नाचे विनियम काढले आणि ‘जैविक भारत’ हे चिन्ह आणले. देशांतर्गत विक्रीसाठी या विनियमांनी सहभागी हमी पद्धतही मान्य केली. तीत गटातले शेतकरीच एकमेकांची शेते तपासतात. शुल्क नाममात्र असते आणि बांधाला बांध असल्याने शेजाऱ्याने रात्री काय फवारले हे लपणे कठीण जाते; पण तोच शेजारी भावकीतला असेल तर बोलणेही तितकेच कठीण. निर्यातीसाठी ही हमी चालत नाही.

वार्षिक 12 लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेला छोटा उत्पादक थेट ग्राहकाला प्रमाणपत्राविना सेंद्रिय माल विकू शकतो, फक्त ‘जैविक भारत’चे चिन्ह त्याला लावता येत नाही. त्यामुळे शेतकरी आठवडी बाजारातल्या ठेल्यावर चिन्ह नसणे हा लबाडीचा पुरावा होत नाही. बंद पाकिटाचे तसे नाही: तिथे चिन्हाबरोबर प्रमाणन संस्थेचे नाव आणि क्रमांक शोधावा, कारण नुसत्या ‘विषमुक्त’ किंवा ‘गावरान’ या शब्दांमागे तपासणीची कोणतीही साखळी असेलच असे नाही.