कॅमेऱ्याची वावडी

बाजारात असलेल्या डिजिटल कॅमेऱ्याची पुढची आवृत्ती जाहीर होण्याआधी तिच्याविषयी फिरणारी खबर आणि त्या खबरीच्या भरवशावर ग्राहकाने आखलेला बेत, या दोहोंना मिळून येथे कॅमेऱ्याची वावडी म्हटले आहे. वावडी म्हणजे मुळात कागदाचा पतंग. उडवणारा कुठल्या गच्चीवर उभा आहे ते दिसत नाही, वर दिसते ती वावडी. अफवेला हा शब्द चिकटला तो उगाच नव्हे. अफवांची प्रतवारी करायला मराठीत शब्द भरपूर आहेत. आतल्या गोटातून हलकेच लागते ती कुणकुण, कोणीतरी मुद्दाम पिकवतो ती कंडी, आणि सगळे धावत सुटल्यावर खोटी ठरते ती आवई. कॅमेऱ्याच्या बाबतीत ही तिन्ही एकाच आठवड्यात आणि पुष्कळदा एकाच मॉडेलबद्दल ऐकू येतात.

गोव्यात ही चर्चा हौशी मंडळींपेक्षा लग्नाचे फोटो काढून घर चालवणाऱ्यांत अधिक गंभीरपणे होते, कारण त्यांचे पैसे तिच्यात अडकलेले असतात. तुळशीच्या लग्नानंतर हिंदूंचे मुहूर्त सुरू होतात, त्याच सुमारास पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो (२००४ पासून तो इथेच आहे), आणि डिसेंबर-जानेवारीत व ईस्टरनंतर ख्रिस्ती काजारांची (लग्नांची) गर्दी असते. नवी बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) घ्यायची तर चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, ते दिवाळी एवढ्याच अवधीत घेऊन हात बसवावा लागतो. पंचाईत अशी की कंपन्यांच्या घोषणांचाही हाच काळ असे. जर्मनीतल्या कोलोन शहरात १९५० साली सुरू झालेले फोटोकिना प्रदर्शन पुढे सम वर्षांच्या सप्टेंबरात भरू लागले आणि मोठ्या घोषणा त्याच्या आगेमागे होऊ लागल्या. कॅननचा ५डी मार्क टू १७ सप्टेंबर २००८ रोजी जाहीर झाला तो असाच. २०१८ नंतर फोटोकिना भरलेच नाही. आता फेब्रुवारीतले योकोहामाचे सीपी प्लस प्रदर्शन आणि खेळाच्या फोटोग्राफरांसाठी ऑलिंपिकचे वर्ष, हे दोन खुंट उरले आहेत. निकॉनचे डी४, डी५ आणि डी६ हे अनुक्रमे २०१२, २०१६ आणि २०२० च्या सुरुवातीला जाहीर झाले, म्हणजे लंडन, रिओ आणि टोकियोच्या तोंडावर. टोकियोची स्पर्धा पुढे वर्षभर लांबली, पण कॅमेऱ्याची घोषणा त्याआधीच झाली होती.

कुणकुण लागते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. वाय-फाय किंवा ब्लूटूथ असलेले कोणतेही यंत्र विकण्याआधी त्या त्या देशाच्या बिनतारी संदेश नियंत्रकाची मंजुरी लागते. मंजुरीच्या याद्या उघड असतात, पण त्यांत मॉडेलचे नाव नसते, फक्त सांकेतिक क्रमांक असतो. कॅननच्या डीएसएलआरचा (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचा) असा क्रमांक वर्षानुवर्षे डीएस१२६ या अक्षर-अंकांनी सुरू होत आला. यादीत नवा क्रमांक दिसला की कॅमेरा अस्तित्वात आहे आणि त्यात बिनतारी सोय आहे, एवढेच पक्के. त्यापुढची सेन्सरची (प्रकाश टिपणाऱ्या चिपची), वेगाची, किमतीची सारी भर वाचणाऱ्याची. दुसरा झरा पेटंटांचा. अर्ज केल्यावर साधारण अठरा महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो आणि लोक त्यातली आकृती पाहून लेन्सची स्वप्ने बघतात. कंपन्या मात्र कधीच न बनवायच्या वस्तूंचीही पेटंटे घेऊन ठेवतात. तिसरा झरा चाचणीसाठी कॅमेरा आधीच हाती आलेल्या लोकांचा. त्यांनी गुप्ततेचे कागद सही केलेले असतात, म्हणून तो बहुधा शेवटच्या एक-दोन दिवसांतच फुटतो, आणि तेव्हा फुटलेली खबर जवळजवळ नेहमी खरी निघते. मडगावच्या किंवा फोंड्याच्या फोटोग्राफराला मात्र यांतल्या कशापेक्षाही चौथी खूण भरवशाची वाटते: जुन्या मॉडेलवर अचानक घसघशीत सूट लागते आणि डीलर सांगतो, ‘माल येणार होता, पण वरूनच आलेला नाही.’

वावडी सर्वांत जास्त चुकते ती तारखेत. मॉडेल तयार असूनही ते अडू शकते. ११ मार्च २०११ च्या भूकंपात निकॉनच्या सेंदाई कारखान्याचे नुकसान झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात थायलंडच्या पुरात अयुथयाचा कारखाना पाण्याखाली गेला. डी७०० वापरणारे तेव्हा पुढच्या मॉडेलची वाट पाहत होते, ते डी८०० उजाडले फेब्रुवारी २०१२ मध्ये. एप्रिल २०१६ मध्ये कुमामोतोला भूकंप झाला तेव्हा सोनीचा सेन्सर बनवणारा कारखाना बंद पडला आणि टंचाई इतर कंपन्यांच्या कॅमेऱ्यांपर्यंतही पोचली. सेन्सर बनवणारे थोडे आणि घेणारे बरेच, हे त्याचे कारण. पाया जपानात हलतो आणि लग्नाची तारीख डिचोलीत चुकते.

नावातही वावडी फसते. निकॉनच्या डी३००एस नंतर (२००९) डी४०० येणार हे इतके गृहीत होते की लोकांनी त्याचे गुणदोष काढले, किंमत महाग म्हणून नाके मुरडली, काहींनी तर त्याच्यासाठी लेन्साही घेऊन ठेवल्या. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण एखाद्या कॅमेऱ्याला लागू पडायची तर याच. डी४०० कधीच आला नाही. जानेवारी २०१६ मध्ये आला तो डी५००, आणि तोवर अनेक पक्षी-छायाचित्रकार कंटाळून दुसऱ्या कंपनीत गेले होते.

उलट प्रकारही घडतो. २०२० च्या सुरुवातीला कॅननच्या आर५ मध्ये ८के, म्हणजे अतिशय बारीक तपशिलाचा, व्हिडिओ असेल ही खबर आली तेव्हा ती कंडी म्हणून हसण्यावारी गेली. फेब्रुवारीत कंपनीनेच तिला दुजोरा दिला आणि ९ जुलै २०२० रोजी कॅमेरा रीतसर जाहीर झाला. ८के होते. मग दुसरी गोष्ट बाहेर आली: कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे ८के चित्रण गरम होऊन थांबण्याआधी सुमारे वीस मिनिटे चालणार होते, आणि तेही २३ अंश सेल्सिअसला. पुढे फर्मवेअरने (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने) परिस्थिती काहीशी सुधारली. पण एप्रिलच्या रात्री मडगावच्या मांडवात, हॅलोजनखाली, २३ अंश कुणी अनुभवलेत? वावडीतला आकडा खरा ठरला, अट मात्र वावडीत नव्हती.

अपेक्षांचा खरा घोळ इथेच आहे. आकडा दूरवर जातो, आपल्या कामाची गोष्ट मागे राहते. २ मार्च २०१२ रोजी ५डी मार्क थ्री आला तेव्हा अनेकांचे तोंड पडले, कारण २१.१ वरून मेगापिक्सेल गेले होते फक्त २२.३ वर, आणि महिनाभरापूर्वीच्या डी८०० ने ३६.३ देऊन ठेवले होते. त्याच कॅमेऱ्यात फोकसचे बिंदू मात्र ९ वरून ६१ झाले होते आणि साधी आयएसओ (म्हणजे कमी उजेडात टिपण्याच्या संवेदनशीलतेची) मर्यादा ६४०० वरून २५६०० वर गेली होती. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात लईराई देवीच्या जत्रेत उभ्या राहिलेल्या माणसाला यातले काय महत्त्वाचे, हे विचारायला नको. होमकुंडाच्या निखाऱ्यांचा तांबूस उजेड, त्यावर धूर, उष्णतेने थरथरणारी हवा आणि हातात वेताची काठी घेऊन पहाटेच्या आधी धावत येणारा धोंड, म्हणजे देवीचा व्रतस्थ भक्त. फोकस तेवढ्यात बसला तर फोटो आहे, नाहीतर नाही. मेगापिक्सेल तिथे कुणी मोजत नाही.

गोव्याच्या हवेच्या अपेक्षा तर वावडीत क्वचितच असतात. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात जून ते सप्टेंबर लेन्सच्या आत बुरशी धरते. आधी काचेच्या कडेला एक धुरकट ठिपका, मग कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. उजेडापुढे लेन्स तिरकी धरल्याशिवाय दिसत नाहीत, आणि दिसू लागतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. ज्यांना परवडते ते विजेवरचे ड्राय कॅबिनेट घेऊन आतली आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांवर ठेवतात, बाकीचे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. काजाराच्या आदल्या दिवशीच्या रोसाला नवरा-नवरीवर नारळाचा रस ओततात आणि पाहुण्यांना चेव चढला की तो फोटोग्राफरपर्यंत येतो. जांबावलीच्या गुलालोत्सवात पिठासारखा बारीक गुलाल बटणांच्या फटीत जातो, आणि तिथे लेन्स बदलायची हिंमत करणारा पुढे आठवडाभर सेन्सर पुसत बसतो. बॉडीचे सांधे पाणी-धुळीला किती दाद देत नाहीत, हा गुण इथे पहिल्या क्रमांकाचा आहे. नव्या मॉडेलबद्दल त्याची चर्चा मात्र घोषणेनंतर, तीही एका ओळीत होते.

वावडीचा पैशांत मोजता येणारा परिणाम जुन्या बाजारावर होतो. पुढची आवृत्ती ‘दोन महिन्यांत’ येणार अशी बोलवा झाली की आहे ती बॉडी विकायला एकदम सगळे निघतात आणि भाव घसरतो. जो वावडी ऐकून विकतो तो घसरलेल्या भावातच विकतो. म्हापशात एखाद्या दुकानी वापरलेला कॅमेरा नेला की दुकानदार आधी अंगठ्याने पकडीचे रबर दाबून पाहतो, कारण दमट हवेत ते फुगून सुटते. मग एक फोटो काढून शटर किती वेळा पडले ते बघतो. एका लग्नाला दोन-तीन हजार फोटो सहज होतात. दीड-दोन लाखांसाठी तपासलेले शटर चार-पाच हंगामांत म्हातारे होते. शेवटी लेन्स ट्यूबलाइटकडे धरतो आणि काही न बोलता बाजूला ठेवतो. हा अबोला म्हणजे किंमत उतरली असे समजावे. इथला भाव पटला नाही तर रात्री कोकणकन्येने निघून सीएसएमटीला उतरायचे आणि बोरा बाजारात चालत जायचे, हा मार्ग अजून चालू आहे. आखातातल्या भावाला किंवा तारवटी (जहाजावर काम करणाऱ्या) मामाला सांगून नवीच बॉडी आणवणारेही आहेत. ती स्वस्त पडते, पण इथल्या वॉरंटीचा प्रश्न आला की तेच बिल पुन्हा पुन्हा उलटून पाहावे लागते.

कंपन्याही वावडीला भितात. पुढच्या मॉडेलची खबर आधी फुटून चालू मॉडेल पडून राहणे याला ऑसबर्न परिणाम म्हणतात. १९८३ साली दिवाळे निघालेल्या ऑसबर्न संगणक कंपनीवरून हे नाव पडले. तिच्या बुडण्याची इतर कारणे सांगणारेही पुष्कळ आहेत. तिचा संस्थापक अॅडम ऑसबर्न याचे बालपण तमिळनाडूत गेले आणि २००३ साली तो वारला तोही कोडाईकनालला.

भारतात वाट पाहून हमखास फायदा झाला, असा एक प्रसंग मात्र सांगता येतो. २२ डिसेंबर २०१८ रोजी जीएसटी परिषदेने डिजिटल कॅमेऱ्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचे ठरवले आणि १ जानेवारी २०१९ पासून ते लागू झाले. लग्नांच्या ऐन हंगामात दहा दिवस हात आखडणे ज्यांना जमले त्यांचे पैसे वाचले. त्यात कुठलाही नवा कॅमेरा नव्हता.

वारंवार बदललेल्या बॉड्यांतली सर्वांत जुनी बहुधा स्टुडिओच्या काउंटरवर जाते. मागे पांढरा पडदा, दोन ठरलेले दिवे, आणि पोर्तुगीज नागरिकत्वाच्या कागदांसाठी किंवा आखाताच्या व्हिसासाठी आलेले गिऱ्हाईक. ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचा फोटो ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला पाव मेगापिक्सेलसुद्धा लागत नाही. २००५ सालचा १२.८ मेगापिक्सेलचा पहिला ५डी हे काम आजही करतो.