गाडीतला भूतबंगला आणि पायी भूतबंगला

अमेरिकेतील मोठ्या थीम पार्कांमध्ये भूतबंगले दोन प्रकारचे असतात. एकात गाडीत बसून जायचे असते, दुसऱ्यात स्वतःच्या पायांनी चालत जायचे असते. पहिला बहुतेक वर्षभर सुरू असतो. दुसरा हॅलोविनच्या, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या भुताखेतांच्या सणाच्या, मोसमापुरता उभारला जातो आणि मोसम सरला की मोडला जातो. प्रथमच जाणारे लोक या दोहोंना एकच समजतात, मग कुणी लहान मुलांना घेऊन भलत्याच रांगेत उभे राहते, तर थरकापाच्या अपेक्षेने गेलेले कुणी नाचणारी, गाणारी भुते पाहून हिरमुसते. एक सौम्य आणि दुसरा कडक, असा फरक सामान्यतः सांगितला जातो. तो खोटा नाही, पण वरवरचा आहे. दचकण्याचा क्षण कोण ठरवतो, यात खरा फरक आहे. गाडीतल्या भूतबंगल्यात तो क्षण रचनाकारांनी कितीतरी वर्षांपूर्वी ठरवून ठेवलेला असतो. पायी भूतबंगल्यात भिंतीआड उभा असलेला एक माणूस तुमच्याकडे पाहून तो त्याच घटकेला ठरवत असतो. तिकीट, रांग, वय, पुन्हा जाण्यातली मजा, हे सगळे फरक यातूनच निघतात.

गाडीतल्या प्रकाराचा नमुना म्हणून कॅलिफोर्नियातील डिस्नीलँडच्या ‘हॉन्टेड मॅन्शन’कडे पाहावे. ही राइड ऑगस्ट १९६९ मध्ये सुरू झाली. तिच्या बंगल्याचे बाहेरचे बांधकाम १९६३ मध्येच पूर्ण झाले होते, म्हणजे पार्कात येणारे लोक कित्येक वर्षे तो बंद बंगला बाहेरूनच पाहून जात होते. गंमत अशी की सुरुवातीच्या आराखड्यांत हा बंगलाही पायी फिरण्यासाठीच योजला होता. पाहुण्यांच्या तुकड्या एका दालनातून दुसऱ्या दालनात जातील आणि त्यांना गोष्ट सांगितली जाईल, अशी ती कल्पना होती. अडचण संख्येची होती. तुकड्या-तुकड्यांनी माणसे आत सोडली तर तासाला फारच थोडी आत जातात आणि बाहेरची रांग हलत नाही. १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात मोठ्या गर्दीला न थांबवता पुढे नेण्याचा अनुभव डिस्नेच्या मंडळींना मिळाला आणि त्यानंतर पायी फेरीची कल्पना मागे पडली. १९६७ मध्ये डिस्नीलँडच्याच दुसऱ्या एका राइडसाठी ‘ऑम्निमूव्हर’ नावाची यंत्रणा वापरली गेली होती. तीच या बंगल्यात आली. डिस्नीलँडचे संस्थापक वॉल्ट डिस्ने यांचे डिसेंबर १९६६ मध्ये निधन झाले होते, त्यामुळे पूर्ण झालेली राइड त्यांना पाहता आली नाही.

ऑम्निमूव्हर म्हणजे एकमेकींना जोडलेल्या, न थांबता सरकत राहणाऱ्या छोट्या गाड्यांची अखंड साखळी. तिचा पहिला गुण म्हणजे वेग: तासाला दोन हजारांहून अधिक माणसे आत जाऊन बाहेर येतात. पण भीतीच्या दृष्टीने तिचा दुसरा गुण अधिक महत्त्वाचा आहे. प्रत्येक गाडी ठरावीक ठिकाणी ठरावीक कोनात आपोआप वळते. गाडीची पाठ आणि दोन्ही बाजू उंच असल्याने बसणाऱ्याला फक्त समोरचे दिसते, आणि ध्वनिवर्धक गाडीतच असल्याने आवाजही जवळून येतो. थोडक्यात, तुम्ही कुठे पाहायचे हे गाडी ठरवते. जे दाखवायचे तेच दिसते आणि जे लपवायचे ते पाठीमागे राहते. चित्रपटाच्या कॅमेऱ्याचे काम इथे प्रेक्षकाच्या आसनाकडे दिले आहे.

नजरेवरच्या या ताब्याशिवाय आतले भ्रम चालणारच नाहीत. नृत्यगृहाच्या प्रसंगात पारदर्शक भुते नाचताना, जेवणाच्या टेबलाशी बसलेली आणि अचानक विरून जाताना दिसतात. त्यामागची युक्ती व्हिक्टोरियन रंगभूमीवरची आहे. हेन्री डर्क्स यांच्या कल्पनेत सुधारणा करून जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत ती लोकांपुढे आणली, म्हणून तिला ‘पेपरचे भूत’ म्हणतात. प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यामध्ये मोठी स्वच्छ काच असते. प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी ठेवलेल्या आकृतीवर प्रकाश टाकला की तिचे प्रतिबिंब काचेत उमटते आणि ते रंगमंचावर तरंगत असल्यासारखे भासते. प्रकाश मंद केला की भूत नाहीसे होते. हॉन्टेड मॅन्शनमध्ये गाड्या वरच्या सज्जासारख्या मार्गाने जातात आणि नाचणाऱ्या बाहुल्या प्रेक्षकांच्या दृष्टीआड, मार्गाच्या खालच्या आणि वरच्या बाजूला असतात. कुणाला काचेच्या जवळ जाऊन वाकून पाहता आले असते, तर हा खेळ तिथेच संपला असता. मान वळवून तुमच्याकडे पाहत राहणारे अर्धपुतळेही असेच आहेत. ते प्रत्यक्षात आत खोल गेलेले साचे असतात. त्यांवर योग्य प्रकाश पडला की मेंदू त्यांना फुगीर चेहरे समजतो आणि आपण सरकलो की ते वळल्याचा भास होतो. हे सगळे इतके नेमके आहे की त्याला भीती म्हणण्यापेक्षा जादूचा प्रयोग म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

पायी भूतबंगल्याची जातकुळी वेगळी. थीम पार्कांत हॅलोविनच्या रात्री हा व्यवसाय रुजवला तो कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्म या पार्काने, १९७३ मध्ये. फ्लोरिडातील ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल स्टुडिओज पार्काने १९९१ मध्ये ‘फ्राइट नाइट्स’ या नावाने सुरुवात केली तेव्हा तिथे चालत जाण्याचा एकच बंगला होता. पुढच्याच वर्षी सोहळ्याचे नाव ‘हॅलोविन हॉरर नाइट्स’ झाले. अलीकडच्या मोसमांत ऑर्लँडोच्या या सोहळ्यात दहा बंगले असतात. चित्रीकरणासाठीच्या मोठ्या दालनांत किंवा त्यासाठी उभारलेल्या तंबूंत ते बांधले जातात. बाहेरून पाहिले तर बंगला कुठेच दिसत नाही, साधी गोदामासारखी भिंत दिसते. आत मात्र पडकी रुग्णालये, चिखलाने माखलेले अंगण, जळक्या लाकडाचा वास असे सगळे असते. एवढा खटाटोप काही आठवड्यांसाठी होतो आणि नोव्हेंबरमध्ये मोडतोड सुरू होते.

आत गाडी नसल्याने नजरेवर ताबा ठेवण्याचे दुसरे मार्ग शोधावे लागतात. वाट अरुंद आणि वळणावळणाची असते, त्यामुळे पुढचे दालन शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. एका बाजूला उजेडात एखादा भयंकर पुतळा ठेवलेला असतो. तुम्ही त्याच्याकडे पाहत असताना खरा माणूस दुसऱ्या बाजूच्या काळ्या पडद्यामागून किंवा भिंतीतल्या झडपेतून बाहेर येतो. या झडपांना तिथले लोक ‘बू होल’ म्हणतात आणि या नटांना ‘स्केअर-अ‍ॅक्टर’. अनेकदा नटाच्या हाताशी किंवा पायाशी एक कळ असते. ती दाबली की कर्कश आवाज आणि प्रकाशाचा झोत त्याच्या झेपेबरोबरच येतो. कळ कधी दाबायची हे त्याने ठरवायचे असते. समोरचा गट हसत, गप्पा मारत येत असेल तर तो थोडा थांबेल. एखादी व्यक्ती मैत्रिणीच्या पाठीत तोंड खुपसून येत असेल तर तिने डोके वर काढण्याची वाट पाहील. हे काम दमवणारे असल्याने एका रात्रीत नटांच्या जोड्या आलटून पालटून येतात, आणि त्यामुळे एकाच बंगल्यातला एकच कोपरा दोन वेळा वेगळा वाटू शकतो.

या प्रकाराची मोठी दुबळी बाजूही माणसांमुळेच आहे. गर्दीच्या रात्री बंगल्यात तुकड्या सोडल्या जात नाहीत, एकामागून एक अखंड रांग चालत राहते. तुमच्या चार पावले पुढची व्यक्ती किंचाळली की नट कुठे आहे हे तुम्हाला कळते आणि तो आपल्या जागी परत जात असतानाच तुम्ही तिथे पोहोचता. तासभर रांगेत उभे राहून तीन-चार मिनिटांच्या फेरीत निम्मे प्रसंग असे वाया गेल्याची तक्रार नेहमी ऐकू येते, आणि ती रास्त आहे. ज्या अडचणीमुळे १९६० च्या दशकात हॉन्टेड मॅन्शनच्या रचनाकारांनी पायी फेरी सोडून दिली, तीच ही संख्येची अडचण. तिथे उत्तर यंत्राने दिले. इथे उत्तर प्रेक्षकालाच शोधावे लागते: पुढच्या गटापासून दोन पावलांचे अंतर राखावे, कर्मचारी पुढे चला म्हणाले तर चालावे, आणि जमल्यास दारे उघडताच किंवा अगदी शेवटच्या तासात, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे.

शरीराच्या पातळीवरही या दोन अनुभवांत फरक आहे. अचानक मोठा आवाज झाला की पापण्या मिटतात आणि खांदे आखडतात. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. विचार करण्याआधीच, सेकंदाच्या अगदी लहानशा अंशात ती घडून जाते. पायी भूतबंगला प्रामुख्याने तिच्यावर चालतो. मात्र तोच आवाज वारंवार झाला की शरीर त्याला सरावते, म्हणून चांगल्या बंगल्यात सगळेच प्रसंग झडपेतून उडी मारण्याचे नसतात. मधे एखादे रिकामे दालन असते, जिथे काहीच होत नाही, आणि पुष्कळांना तेच सर्वांत असह्य होते. गाडीतला भूतबंगला या क्रियेला फारसा हातच घालत नाही. त्याचा भर वातावरणावर, कुतूहलावर आणि विनोदावर असतो, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा पाहिला तरी शिळा होत नाही. उलट आधी निसटलेले बारकावे नंतर दिसू लागतात. पायी बंगल्यात दुसऱ्यांदा गेल्यावर मात्र सजावट पाहायला मिळते आणि दचकणे निम्म्यावर येते.

चालत जाण्याच्या बंगल्यांसोबत याच सोहळ्यांत ‘स्केअर झोन’ही असतात, आणि नकाशा चाळताना त्यांचीही गल्लत होते. ते बंगले नाहीत. ते पार्काचे उघडे रस्ते असतात, जिथे धूर सोडलेला असतो आणि वेषधारी नट फिरतात. त्यांना रांग नसते.

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे गाडीतला भूतबंगलाही हॅलोविनला सजतो. कॅलिफोर्नियातील हॉन्टेड मॅन्शनला २००१ पासून दरवर्षी शरद ऋतूत एका अ‍ॅनिमेशनपटावर आधारित नवा साज चढवला जातो आणि तो नाताळ उलटेपर्यंत राहतो. फ्लोरिडातील डिस्नेच्याच मॅजिक किंगडम पार्कात, जिथे १९७१ पासून याच नावाचा दुसरा बंगला आहे, १९९५ पासून ‘मिकीज नॉट-सो-स्केअरी हॅलोविन पार्टी’ भरते. तिथे राइड तीच असते, आणि पार्टीच्या नावातच फारसे घाबरवणार नाही अशी हमी दिलेली आहे. या पार्टीचे आणि हॅलोविन हॉरर नाइट्सचे तिकीट दिवसाच्या तिकिटाहून वेगळे असते, हे एक साम्य. वेषाबाबत मात्र नियम उलटे आहेत. डिस्नेच्या पार्टीत मोठ्यांनाही वेष करून येता येते. हॉरर नाइट्समध्ये पाहुण्यांना वेष आणि मुखवटे यांची मनाई असते. कारण उघड आहे: जिथे मुखवटा घातलेला माणूस अंगावर धावून येणे हेच मनोरंजन आहे, तिथे तो माणूस पार्काचाच आहे याची खात्री असावी लागते. तिथला नट तुम्हाला स्पर्श करत नाही आणि तुम्हीही त्याला करायचा नसतो. घाबरून हात उगारणारे पाहुणे असतात, आणि त्या झडपेमागे रात्रभर उभे राहणाऱ्याची बाजूही लक्षात घ्यायला हवी.

सुरक्षेच्या बाबतीत पायी प्रकाराचा इतिहास अधिक कठोर आहे. ११ मे १९८४ रोजी न्यूजर्सीतील सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर पार्कातील ‘हॉन्टेड कॅसल’ला आग लागली आणि आठ किशोरवयीन मुलांचा मृत्यू झाला. तो चालत जाण्याचा भूतबंगला ट्रेलर जोडून बनवलेला होता. आत पाण्याचे फवारे नव्हते आणि धूर ओळखणारी यंत्रणाही नव्हती. अंधार, वळणावळणाची वाट आणि मुद्दाम निर्माण केलेला दिशाभ्रम, म्हणजे ज्या गोष्टींनी मजा येते त्याच आगीच्या वेळी जीवघेण्या ठरल्या. त्यानंतर अमेरिकेत अशा जागांसाठी अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले: फवारे, धूरसूचक, धोक्याची सूचना मिळताच उजळणारे दिवे आणि थांबणारे आवाज. आज आत शिरल्यावर एखाद्या काळ्या भिंतीवर बाहेर जाण्याची खूण चमकताना दिसते आणि वातावरणाचा थोडा रसभंग होतो, तो याच नियमांमुळे.

मुलांसाठी निवड करताना हॉन्टेड मॅन्शनला उंचीची अट नाही, तर युनिव्हर्सल आपला सोहळा तेरा वर्षांखालील मुलांसाठी योग्य नाही असे स्वतःच सांगते. मॅन्शनमधला अंधार आणि सुरुवातीच्या दालनातली किंकाळी काही लहानग्यांना जड जाते, हे मात्र धरून चालावे. अपस्मार असलेल्यांनी पायी बंगल्यांतल्या लुकलुकणाऱ्या तीव्र प्रकाशाबद्दल आधीच विचारून घ्यावे. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांना गाडीतल्या भूतबंगल्यात खुर्ची सोडून गाडीत बसावे लागते, आणि त्यासाठी साखळीचा वेग कमी करता येतो किंवा ती थांबवता येते. मध्येच कुणाचा धीर सुटला तर पायी बंगल्यात जवळच्या कर्मचाऱ्याला तसे सांगावे. अधल्यामधल्या दारांतून त्या व्यक्तीला बाहेर नेता येते. गाडीतल्या भूतबंगल्यात ती सोय नाही. तिथे शेवटच्या फलाटापर्यंत बसूनच राहावे लागते.