मोतीबिंदू

मोतीबिंदू : डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होऊन नजर कमी होणे. भिंग पूर्ण पांढरे झाले की काळ्या बाहुलीत मोत्यासारखा ठिपका दिसतो, त्यावरून हे नाव पडले. डोळ्यावर पडदा येतो किंवा मांस वाढते, ही समजूत चुकीची आहे. गढूळपणा पृष्ठभागावर नसतो, बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या मागे असतो, त्यामुळे तो पुसून वा धुऊन निघत नाही. मोतीबिंदू विरघळवणारे म्हणून विकल्या जाणाऱ्या कोणत्याही थेंबांनी गढूळ भिंग पुन्हा स्वच्छ झाल्याचे सिद्ध झालेले नाही. उपाय एकच, शस्त्रक्रिया. तरीही २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले.

भिंगाची रचना : निरोगी भिंग मसुराच्या डाळीच्या आकाराचे असते, पण मोठे. प्रौढ माणसात त्याचा व्यास ९ ते १० मिलिमीटर आणि जाडी ४ ते ५ मिलिमीटर भरते. रचना समजायला आंब्याची उपमा चपखल बसते: बाहेर पातळ पारदर्शक साल, आत मऊ गर आणि मध्ये घट्ट कोय. भिंगात सुमारे दोन तृतीयांश पाणी आणि उरलेली बहुतेक प्रथिने असतात. ही प्रथिने नेटकी रचलेली असतात तोवर प्रकाश आरपार जातो. वयाबरोबर त्यांचे गुठळे होतात आणि प्रकाश विखुरतो. अंड्यातला पारदर्शक भाग शिजल्यावर पांढरा होतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही, तसेच हे.

प्रकार व लक्षणे : गढूळपणा आंब्याच्या कोणत्या भागात आहे, यावर तक्रार ठरते. कोय पिवळी-तपकिरी पडत गेली की भिंगाची ताकद वाढते आणि डोळ्याला उणे नंबर येतो. मग लांबचे धूसर होते, पण जवळचे सुधारते. वर्षानुवर्षे चष्मा लावणाऱ्या आजी अचानक चष्म्याशिवाय पोथी वाचू लागतात, सुईत दोरा ओवतात आणि घरात कौतुक होते. हे नजर सुधारल्याचे नव्हे, मोतीबिंदू वाढत असल्याचे लक्षण आहे. काही महिन्यांत तेही वाचन सुटते. असे भिंग निळा रंग गाळून टाकते, त्यामुळे गडद निळे आणि काळे कापड वेगळे ओळखता येत नाही. बदल सावकाश होत असल्याने रुग्णाच्या तो ध्यानातही येत नाही. शस्त्रक्रियेनंतर ट्यूबलाइट एकदम निळसर का दिसते, असे तो विचारतो तेव्हा उलगडा होतो.

गरातला मोतीबिंदू कडेकडून मध्याकडे चाकाच्या आऱ्यांसारखा सरकतो. त्यात रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकतात, आणि एक डोळा झाकून पाहिले तरी दोन-तीन चंद्र दिसतात. दोन्ही डोळे उघडे असतानाच दोन दिसत असेल आणि एक झाकल्यावर एकच, तर तो दोष मोतीबिंदूचा नसून डोळ्यांच्या स्नायूंचा किंवा नसांचा असतो आणि त्याची तपासणी तातडीने करावी लागते.

तिसरा प्रकार मागच्या सालीला आतून चिकटलेल्या पातळ थराचा. आकाराने लहान, पण त्रासाला मोठा. उन्हात बाहुली आकुंचन पावली की प्रकाशाची वाट नेमकी या डागातून जाते. त्यामुळे असा माणूस संध्याकाळी बरा वावरतो आणि भर दुपारी चाचपडतो. वाचायला बसले की बाहुली लहान होते, म्हणून वाचनही लवकर जाते. दम्यासाठी, सांध्यांसाठी किंवा त्वचेसाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत आणि मधुमेहींत हा प्रकार चाळिशीतही आढळतो. वय सोडले तर तंबाखू, तीव्र ऊन, डोळ्याला मार, डोळ्याच्या आतली सूज आणि मोठा उणे नंबर ही इतर कारणे होत.

दुखणे, लाली, चिकटा ही मोतीबिंदूची लक्षणे नव्हेत. नाव सारखे असल्याने काचबिंदूशी त्याचा घोळ होतो. काचबिंदूत डोळ्यातला दाब बहुधा वाढलेला असतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस मरते. ती नजर परत येत नाही. मोतीबिंदूची येते.

‘पिकू द्या’ हा सल्ला : मोतीबिंदू पिकल्यावरच काढायचा, हे घरोघरी अजून ऐकू येते. एके काळी ते खरेही होते. कच्च्या मोतीबिंदूतला गर चिकट असतो. जुन्या साधनांनी तो पूर्ण निघत नसे आणि मागे राहिलेल्या गरामुळे डोळा सुजे. पुढे आख्खा आंबा सालीसकट गोठवून बाहेर ओढण्याची पद्धत आली. त्यासाठी १० ते १२ मिलिमीटरची चीर घालावी लागे. रुग्णाला डोके न हलवता दिवसेंदिवस पडून राहावे लागे, आणि डोळ्यात भिंगच नसल्याने अधिक १० नंबराचा जाडजूड चष्मा कायमचा लागे. त्या चष्म्यातून वस्तू पाव पटीने मोठ्या दिसत आणि दाराची चौकट वाकडी. दुसरा डोळा चांगला असेल तर दोन आकारांची चित्रे मेंदूत जुळत नसत. म्हणून दोन्ही डोळे पुरते जाईपर्यंत थांबणे त्या काळी शहाणपणाचे होते.

आजच्या पद्धतीत हेच थांबणे नडते. पिकलेली कोय टणक, कधी कधी करकरीत तपकिरी होते. ती फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि त्याचा मार डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या आतल्या पेशींवर बसतो. प्रौढपणी या पेशी दर चौरस मिलिमीटरला साधारण अडीच हजार असतात आणि मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. फार कमी झाल्या तर काच सुजून कायमची धूसर होते. त्याहून थांबले तर भिंग फुगून डोळ्यातल्या पाण्याची वाट अडवते, किंवा अतिपिकून गर पातळ होतो आणि सालीतून पाझरतो. दोन्हींत दाब भराभर चढतो, डोळा लाल होऊन ठणकतो, उलट्या होतात. पित्त समजून यात दोन दिवस घालवले तर नस जाते आणि पुढे मोतीबिंदू काढूनही उजेड येत नाही.

मग काढायचा कधी? रोजच्या कामात अडचण येऊ लागली की. रात्री गाडी चालवणाऱ्याला तो ६/१२ नजरेलाही (निरोगी डोळ्याला १२ मीटरवरून दिसते ते ६ मीटरवरून दिसणे) नडतो. घरात वावरणाऱ्याचे त्याहून कमी नजरेत भागते. मागच्या पडद्यावर (दृष्टिपटलावर) उपचार करायचा असून गढूळ भिंगामुळे तो दिसत नसेल, तर नजर कितीही असली तरी मोतीबिंदू आधी काढतात.

इतिहास : सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाश या नावाने या विकाराचे आणि शलाकेने (बारीक सळीने) भिंग बाजूला सारण्याच्या क्रियेचे वर्णन आहे. भिंग त्यात बाहेर निघत नसे, डोळ्याच्या आतच मागे ढकलले जाई. १७४७ मध्ये फ्रान्सचे झाक दाव्हिएल यांनी ते चिरेतून बाहेर काढले. लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिले कृत्रिम भिंग बसवले. युद्धात विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले तरी डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी दातांचे कीटण काढणाऱ्या यंत्रावरून श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या) कंपनांनी भिंग फोडण्याची युक्ती काढली, तीच ‘फेको’. भारतात १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मदुराईच्या अरविंद नेत्रालयाशी संलग्न ऑरोलॅबने १९९२ पासून भिंगे देशात बनवून ती आवाक्यात आणली. महाराष्ट्रात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. तात्याराव लहाने यांचे नाव बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेशी जोडले गेले. त्यांना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली.

पूर्वतयारी : बाहुली मोठी करून भिंग आणि मागचा पडदा तपासतात. भिंग इतके पांढरे असेल की पडदा दिसत नाही, तर सोनोग्राफी करतात आणि चारी बाजूंनी टॉर्च दाखवून प्रकाश कुठून येतो ते रुग्णाला विचारतात. एखाद्या बाजूचे उत्तर चुकत असेल, तर पडद्यात किंवा नसेत बिघाड असण्याचा संभव असतो आणि शस्त्रक्रियेनंतर किती दिसेल हे आधीच मोकळेपणी सांगावे लागते. नाकाच्या बाजूला पिचकारीने पाणी सोडून अश्रूंची वाट मोकळी आहे ना, हे पाहतात. अश्रुपिशवीत पू असेल तर आधी तिचा उपचार.

सगळ्यांत जपून करायचे काम म्हणजे बसवायच्या कृत्रिम भिंगाचा नंबर काढणे. त्यासाठी काचेची वक्रता आणि डोळ्याची लांबी मोजतात. ही लांबी सरासरी २३.५ मिलिमीटर असते. मोजणीत १ मिलिमीटर चुकले की चष्म्याचा नंबर अडीच ते तीनने चुकतो. टोक टेकवून मोजणाऱ्या यंत्रात तंत्रज्ञाचा हात जरा जड पडला तर डोळा दबतो, लांबी कमी भरते, जास्त ताकदीचे भिंग निवडले जाते आणि रुग्णाला नको असलेला उणे नंबर येतो. प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्रात ही चूक टळते, पण फार पिकलेल्या मोतीबिंदूतून ते यंत्र चालत नाही. इथेही थांबण्याचा तोटाच.

तीन गोष्टी रुग्णाने विचारण्याआधीच सांगाव्यात. चष्मा घालवायची लेसर शस्त्रक्रिया झाली असेल तर नेहमीची गणिते चुकतात. कॉन्टॅक्ट लेन्स मोजणीआधी बंद ठेवावी लागते, मऊ लेन्स साधारण आठवडाभर आणि कडक लेन्स त्याहून जास्त. लघवीच्या तक्रारीसाठी टॅमसुलोसिन घेत असाल किंवा पूर्वी घेतले असेल, तर रंगीत पडदा शस्त्रक्रियेत लुळा पडून चिरेत येतो. गोळी बंद करून फरक पडतोच असे नाही, पण सर्जनला माहीत असले की तो तयारीत असतो.

शस्त्रक्रिया : जंतुसंसर्ग टाळण्यात मोठा वाटा ५ टक्के पोव्हिडोन आयोडिनचा. ते डोळ्यात किमान तीन मिनिटे ठेवायचे असते. घाईत इथेच काटछाट होते. बधिरता थेंबांनी किंवा डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊन आणतात. फेकोत २.२ ते २.८ मिलिमीटरची चीर घेतात, आत जेलीसारखा पदार्थ भरतात आणि सालीच्या पुढच्या बाजूला सुमारे ५ मिलिमीटरचे गोल भोक पाडतात. पांढऱ्या मोतीबिंदूत साल दिसत नाही, म्हणून ती निळ्या रंगाने रंगवतात. मग सालीखाली पाणी सोडून गर सुटा करतात, सेकंदाला सुमारे ४० हजार कंपने देणाऱ्या सुईने कोय तोडून ओढून घेतात, गर शोषतात आणि रिकाम्या सालीत घडी घातलेले भिंग सोडतात. ते आत उलगडते. टाका लागत नाही.

कोय फार टणक असेल तर ६ ते ७ मिलिमीटरच्या तिरप्या बोगद्यातून ती आख्खी काढणे बरे. हीसुद्धा बिनटाक्याचीच शस्त्रक्रिया आणि यंत्राचा खर्च वाचतो. फेकोच चांगली आणि ही गरिबांची, असा भेद करणे चुकीचे. कसलेल्या हाती दोन्हींचा निकाल सारखाच चांगला लागतो. ‘लेसरने मोतीबिंदू काढतात’ हेही अर्धसत्य. लेसर चीर आणि सालीचे भोक करते. पुढचे काम सुईनेच होते.

मागची साल काही मायक्रॉनच जाड असते. ती फाटली तर मागचा जेलीसारखा द्रव पुढे येतो, भिंग बसवणे कठीण होते, कधी कोयीचा तुकडा मागे पडतो आणि पडद्याच्या सर्जनकडे जावे लागते.

भिंगाची निवड : एककेंद्री भिंग एकाच अंतरासाठी असते. लांबचे स्वच्छ ठेवले तर वाचायला साधारण अडीच नंबराचा चष्मा लागतो. तिरपा नंबर असेल तर टोरिक भिंग उपयोगी. बहुकेंद्री भिंगाने चष्मा बराच सुटतो, पण दिव्यांभोवती कडी दिसतात आणि अंधुक प्रकाशात ठळकपणा घटतो. रात्री गाडी चालवणारे, काचबिंदूचे आणि पडद्याचे रुग्ण यांनी ते टाळावे. महाग म्हणजे अधिक चांगले, हा हिशेब इथे लागू नाही.

नंतरची काळजी : स्टेरॉइडचे थेंब बहुधा दिवसातून सहा वेळा सुरू करून दर आठवड्याला कमी करत चार ते सहा आठवड्यांत बंद करतात. प्रेडनिसोलोनची बाटली हलवूनच वापरावी, कारण औषध तळाशी बसते. खालची पापणी ओढून एकच थेंब टाकावा, दुसऱ्या औषधाआधी पाच मिनिटे थांबावे. बरे वाटते म्हणून तीच बाटली महिनोन्‌महिने चालू ठेवली तर दाब वाढतो. साधारण दोन आठवडे डोळ्यात नळाचे पाणी जाऊ देऊ नये. डोके मागे टेकवून धुवावे. चष्म्याचा नंबर चार ते सहा आठवड्यांनी काढतात.

पहिल्या आठवड्यात दुखणे, लाली आणि नजर घटणे एकत्र आले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा. तो आतल्या संसर्गाचा इशारा असतो आणि तासांनी फरक पडतो. विजा चमकणे, काळ्या ठिपक्यांचा एकदम पाऊस किंवा एका बाजूने सावली सरकणे हे पडदा सुटल्याचे लक्षण. काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले की ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणतात. काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. मागे ठेवलेली साल गढूळ झालेली असते आणि याग लेसरने काही मिनिटांत तिला खिडकी पाडता येते.

बालकांमधील मोतीबिंदू : गरोदरपणात आईला झालेला रुबेला, आनुवंशिकता, गॅलॅक्टोसीमियासारखे चयापचयाचे विकार ही कारणे. मुलाचा मेंदू बघायला शिकत असतो. त्या काळात डोळ्यातून स्वच्छ चित्र गेले नाही तर डोळा आळशी होतो आणि नंतर भिंग काढूनही नजर येत नाही. जन्मतः एका डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर सुमारे सहा आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया करतात. नंतर चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स आणि चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी, हे काही वर्षे चालते. बाळाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, किंवा फ्लॅशच्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा आला, तर लगेच दाखवावे. तीच पांढरी झाक दृष्टिपटलाच्या कर्करोगाचीही असू शकते.