बॅटरी नवी, जळतो अल्टरनेटर

विदर्भात तालुक्याच्या गावी मोटार वायंडिंगचं एखादं तरी दुकान असतंच. विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी तिथे ओळीनं पडलेल्या असतात आणि त्यांच्यात कधीतरी एखादा गाडीचा अल्टरनेटरही (इंजिनच्या जोरावर फिरून वीज बनवणारं यंत्र) दिसतो. उघडलेला अल्टरनेटर जवळून बघण्यासारखा असतो. तांब्याच्या वेटोळ्यांवरचं वॉर्निश एरवी तपकिरी, चकचकीत दिसतं. जळालेल्यात ते कोळशासारखं काळं पडतं, नखानं खरवडलं की पापुद्रे निघतात आणि वास दिवसभर हाताला राहतो. काहून जळला, असं विचारलं की कारागीर बॅटरीकडे बोट दाखवतो : ‘लिथियम लावली जी, अन् डायरेक्ट जोडून देल्ली.’

म्हणजे बॅटरी नवी, महागाची आणि धडधाकट. जळाला तो जुना, मुकाट्यानं काम करणारा अल्टरनेटर. असं का व्हावं?

आधी ही दुसरी बॅटरी गाडीत येते कशाला, ते बघू. जुनी ट्रॅव्हलर घेऊन मागच्या सीट काढायच्या, पलंग, छोटा फ्रीज आणि पंखा बसवायचा आणि ताडोबा, मेळघाट, लोणार करत फिरायचं, ही हौस आता विदर्भातही आली आहे. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. ताडोब्याच्या मोहर्ली गेटला पहाटेची सफारी गाठायची म्हणून आदल्या रात्रीच येऊन गाडीतच मुक्काम केला, तर बारा व्होल्टचा पंखा, फ्रीज, दिवे आणि मोबाइल मिळून उन्हाळ्यात रात्रीत साधारण एक युनिट वीज लागते. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवर हा भार टाकला तर सकाळी धक्का मारायला माणसं शोधावी लागतील. म्हणून गाडीतल्या या घरगुती वापराची बॅटरी वेगळी ठेवतात. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत सव्वा युनिटहून थोडी जास्त वीज मावते. तेवढ्याच आकड्याच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून निम्मीच काढावी, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं.

दिवसा गाडी धावणारच, अल्टरनेटर फिरणारच, मग त्यावरच ही बॅटरी भरून घेऊ, हा विचार अगदी सरळ आहे. लेड-अ‍ॅसिडच्या काळात तो चालूनही गेला. दोन्ही बॅटऱ्यांमध्ये एक रिले, म्हणजे आपोआप जुळणारा-सुटणारा स्विच, टाकला की झालं.

चालून गेला, कारण लेड-अ‍ॅसिड बॅटरी लाजाळू होती. रोडग्यांच्या पंगतीत काही पाहुणे दुसऱ्याच वाढपाला पानावर आडवा हात धरतात, तशी ती. चार्जिंग सुरू झालं की तिचं स्वतःचं व्होल्टेज भराभर वर चढतं, अल्टरनेटर आणि तिच्यातला फरक कमी होतो, करंट उतरत जातो. शेवटचा भाग भरायला तर ती तासन् तास घेते. वापरणाऱ्याला हा वैताग वाटायचा, पण अल्टरनेटरला त्यातच आराम मिळायचा.

लिथियम बॅटरी आडवा हात धरतच नाही. गाडीघरांत वापरतात ती लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची. अक्षय पाढी, जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सास विद्यापीठात हा पदार्थ तपासून १९९७ मध्ये शोधनिबंध छापला. गुडइनफना पुढे २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल लिथियम बॅटऱ्यांवरच्या कामासाठी विभागून मिळालं. फॉस्फरस आणि ऑक्सिजनची पकड या पदार्थात इतकी घट्ट असते की तापल्यावरही तो सहजी ऑक्सिजन सोडत नाही. म्हणून लिथियमच्या इतर प्रकारांपेक्षा तो आगीच्या बाबतीत बराच सुरक्षित. याच्या चार सेलची माळ म्हणजे १२.८ व्होल्ट. बॅटरी तीस टक्के भरलेली असो की ऐंशी, तिचं व्होल्टेज १३.२ च्या आसपासच रेंगाळतं. (त्यामुळे व्होल्टमीटर बघून ‘किती उरली’ हे सांगणारा माणूस अंदाजपंचे बोलत असतो. त्यासाठी येणारा-जाणारा करंट मोजणारा शंटच हवा.) आणि तिचा अंतर्गत रोध असतो जेमतेम काही मिलिओहम.

आता हिशेब करा. अल्टरनेटरचं व्होल्टेज १४.२, बॅटरीचं १३.०. फरक १.२ व्होल्ट. वायर, जोड आणि बॅटरी मिळून रोध ०.०१ ओहम धरला तर करंट येतो १२० अँपिअर. अल्टरनेटरवर छापलेला आकडा ९० किंवा १२० असेल, तर तो पूर्ण ताकदीवर जातो आणि बॅटरी भरत आली तरच सुटतो. गाडीचा अल्टरनेटर अशा राबण्यासाठी बनवलेलाच नसतो. इंजिन सुरू करताना खर्ची पडलेली थोडी वीज भरून द्यायची आणि मग दिवे, ब्लोअर, इंजिनचा संगणक सांभाळायचा, एवढीच त्याची नोकरी.

त्याची कार्यक्षमताही साधारण ५०-६० टक्के. १०० अँपिअर देताना बाहेर १४०० वॅट जातात आणि हजाराच्या वर वॅट उष्णता होऊन त्याच्याच पोटात राहतात. तांबं १०० अंशांनी तापलं की त्याचा रोध जवळपास ४० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे उष्णता आणखी वाढते. ही उष्णता बाहेर काढणारा पंखा अल्टरनेटरच्या दांड्यावरच बसवलेला असतो. दांडा जोरात फिरला तर वारा, नाहीतर नाही. खरी मेख इथेच आहे. गाडी हायवेला ऐंशीनं पळत असेल तर निभावतं. पण सावलीला गाडी लावून ‘जरा बॅटरी भरून घेऊ’ म्हणत इंजिन नुसतं आयडलवर ठेवलं, की मागणी पूर्ण आणि वारा जवळपास शून्य. त्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडचा मे महिना, बॉनेटखाली शिरणारी हवाच ४५ अंशांची. पाहता पाहता आतले डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) आणि वॉर्निश हार मानतात.

दुसरा घात याच्या अगदी उलट वागण्यातून होतो. लिथियम बॅटरीच्या आत बीएमएस नावाचा पहारेकरी सर्किटबोर्ड असतो. एखादा सेल जास्त भरला किंवा फार तापला की तो क्षणात बॅटरी तोडतो. पण अल्टरनेटरच्या रोटरमधलं, म्हणजे फिरणाऱ्या भागातलं, चुंबकक्षेत्र त्या क्षणात विरत नाही. वाहता करंट कुठेतरी जायलाच हवा, म्हणून व्होल्टेज उसळतं. अडवणारं काही नसेल तर बारा व्होल्टच्या गाडीत कित्येक पटींनी. गाडीची मूळ लेड-अ‍ॅसिड बॅटरी जोडलेली असेल तर ती हा झटका बराचसा पोटात घेते. म्हणून ती काढून सगळीकडे लिथियमच लावू म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

रिलेचीही एक गंमत आहे. व्होल्टेज बघून जुळणारे रिले साधारण १२.८ खाली आले की सुटतात. इंजिन बंद केलं तरी लिथियम बॅटरी १३.२ वर ठाण मांडून बसलेली असते, त्यामुळे रिलेला इंजिन अजून सुरूच वाटतं आणि दोन्ही बॅटऱ्या रात्रभर एकमेकींना जोडलेल्या राहतात.

या सगळ्यावर एकच धड उपाय आहे : दोन बॅटऱ्यांच्या मध्ये डीसी-डीसी चार्जर. यात एक ट्रान्झिस्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, नळासारखी सेकंदाला हजारो वेळा उघड-मीट करतो. उघडला की एका कॉइलच्या चुंबकक्षेत्रात ऊर्जा साठते, मिटला की ती वाढीव व्होल्टेजनं पुढे ढकलली जाते. आत १२ येवो की १५, बाहेर पडतात बॅटरीला हवे तेवढे १४.२ ते १४.४, आणि करंट ठरवून दिलेल्या मर्यादेत, समजा ३० अँपिअर. जो आडवा हात बॅटरी धरत नाही, तो हे यंत्र धरतं. बीएस-६ च्या बऱ्याच गाड्यांत डिझेल वाचवायला संगणकच अल्टरनेटरचं व्होल्टेज वरखाली करतो, तिथे तर याच्याशिवाय गत्यंतर नाही. इग्निशनची एक बारीक वायर त्याला जरूर जोडावी, म्हणजे किल्ली बंद झाली की तोही बंद.

बाहेर ३० अँपिअर हवे तर आत ३६ च्या आसपास लागतात, कारण दहाएक टक्के वाटेत जातात. इंजिनपासून पलंगाखालच्या बॅटरीपर्यंत जाऊन-येऊन १० मीटर वायर धरा. ६ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये एक व्होल्ट वाटेतच गळतो. १६ ची टाकली तर ०.४. वायरीत पैसे वाचवू नयेत, आणि फ्यूज दोन्ही टोकांना हवा, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे.

३० अँपिअरनं ८० अँपिअर-तास भरायला दोन तास चाळीस मिनिटं लागतात. नागपूरहून चंद्रपूरला पोचेपर्यंत काम होतं. ही वीज फुकटची मात्र नाही. अल्टरनेटर आणि इंजिन दोघांचा तोटा धरला तर त्या एका युनिटमागे पाऊण लिटरच्या जवळपास डिझेल जातं. डिझेल नव्वद रुपये धरा, म्हणजे युनिट साठ-पासष्टला पडलं. टपावर सोलर पॅनल लावणं अर्थातच स्वस्त, फक्त त्यासाठी गाडी उन्हात उभी करावी लागते, आणि मे महिन्यात तसं कोण करणार!

थंड देशांतले लोक शून्याखाली लिथियम चार्ज करू नका असं बजावत असतात, कारण तेव्हा लिथियम धातू सेलच्या आत पुटासारखा साचतो. मैदानी विदर्भाला ती काळजी नाही. आपली काळजी वरच्या टोकाची : बरेच सेल ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावेत असं बनवणारे सांगतात. दुपारभर उन्हात बंद राहिलेल्या गाडीत पलंगाखाली त्याहून जास्त होतं. अशा वेळी गाडी सुरू केली आणि चार्जिंग होत नसेल, तर बिघाड समजून वायरी उचकू नका. काचा उघडा, गाडी चालू द्या. सेल निवले की बीएमएस आपणहून करंट घ्यायला लागतं. बॅटरी पत्र्याला चिकटून किंवा इंजिनच्या भिंतीला लागून बसवली असेल, तर तिची जागा बदला.