शंभर वॅटचा बल्ब आणि वितळलेला कपलर

कन्नड घाटात किंवा तोरणमाळच्या वळणांवर कंपनीचा हेडलाइट अपुरा वाटतो, म्हणून ६०/५५ वॅटचा (लांबच्या अप्परला ६०, जवळच्या डिपरला ५५) तीन पिनांचा एच-४ बल्ब काढून १००/९० वॅटचा बसवला जातो. चार दिवस झकास उजेड पडतो. मग एका रात्री एक बाजू मिणमिणू लागते, बॉनेट उघडावं तर जळक्या प्लास्टिकचा वास. शिव्या बल्बला बसतात, दोष बहुतेक वेळा सांध्यात, म्हणजे बल्बच्या पिना ज्यात बसतात त्या प्लास्टिकच्या कपलरमध्ये असतो.

१२ व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर ओढतो, १०० वॅटचा ८.३. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ती जवळपास पावणेतीनपट होते. वायर लांब असते, तिला हवा लागते. कपलरमधली पत्र्याची पकड मात्र प्लास्टिकमध्ये कोंडलेली. तिथे गंजामुळे ०.१ ओहमचा अडथळा आला तरी नखाएवढ्या जागेत सुमारे ७ वॅट उष्णता तयार होते, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे बाहेरच ४५ अंश असतात. तापलेली पकड ढिली पडते, ढिली पडली की अडथळा वाढतो, अडथळा वाढला की आणखी तापते. कपलर तपकिरी दिसला की तो बदलायचाच. चिनी मातीचा होल्डर लावा, आणि वायर लालभडक तांबं दिसेपर्यंत मागे छाटा. काळ्या पडलेल्या तारांवर सांधा टिकत नाही. पीळ मारून गुंडाळलेल्या टेपचा गोंद आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाघळतो, तेव्हा लग (वायरीच्या टोकाला बसणारं धातूचं टोक) दाबून वर हीट-श्रिंक नळी (तापवली की आवळणारी) चढवा.

फ्यूज उडतो म्हणून १५ च्या जागी ३० चा टाकणं हा सगळ्यात वाईट उपाय. मग फ्यूजचं काम वायर करते.

मुळात मोठा बल्ब लागतोच का, हे आधी मोजून बघावं. हॅलोजनला, म्हणजे या नेहमीच्या तारेच्या बल्बला, मिळणारा व्होल्टेज १० टक्क्यांनी घटला तर उजेड सुमारे ३० टक्के घटतो. इंजिन आणि लाइट चालू ठेवा, बल्ब कपलरमध्येच राहू द्या. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या प्लसला आणि काळं टोक कपलरच्या मागून बल्बच्या प्लसला लावा. अर्ध्या व्होल्टपर्यंत आकडा ठीक. एकच्या वर गेला तर स्विच आणि जुनी वायर तुमचा उजेड खात आहेत. बल्ब काढून मोजाल तर करंटच वाहत नाही, आकडा शून्याजवळ दिसतो आणि सगळं ठीक वाटतं. इथेच पुष्कळजण फसतात.

नंतर अर्थिंग, म्हणजे करंटचा बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परतीचा रस्ता. बॅटरीचा मायनस आणि कपलरची अर्थ-पिन यांत ०.२ व्होल्टहून जास्त नको. अर्थ तुटल्याची एक खूण मीटर न लावताही दिसते: डिपरवर एक दिवा मंद, त्याच बल्बची अप्परची तारही लालसर, आणि डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा फिकट पेटलेला. करंटला आपल्या बाजूने अर्थ मिळत नाही, म्हणून तो अप्परच्या तारेतून उलटा फिरून दुसऱ्या हेडलाइटच्या अर्थकडे जातो. बॉडीवरचा नट काढा, खालचा रंग पॉलिश पेपरने खरवडा, लग घट्ट आवळा आणि वर पेट्रोलियम जेली लावा.

व्होल्टेज स्विचमध्येच गळत असेल तर रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. अप्पर आणि डिपरसाठी एकेक. बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि १५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज. ६०/५५ च्या जोडीला १५ अँपिअरचा पुरतो. ही वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून बल्बला, ८५ अर्थला आणि ८६ ला कंपनीच्या जुन्या कपलरची वायर. आता स्विचमधून फक्त कॉइलपुरता किरकोळ करंट जातो. एवढं केल्यावर ६०/५५ चाच उजेड बहुतेकांना पुरतो.

एलईडीची तऱ्हा वेगळी. पेटतच नसेल तर प्लस-मायनस उलटं आहे का पाहा. दोन पिनांच्या एच-७ चा कपलर उलटून लावता येतो; एच-४ च्या तीन पिना उलटत नाहीत, आणि अप्पर-डिपरची सामाईक पिन प्लस असलेल्या गाड्यांत पोलॅरिटी बदलणारा अडॅप्टर लागतो. लुकलुकत असेल तर बहुधा गाडीचा कंट्रोलर करंट तुकड्यातुकड्याने सोडतो किंवा कमी करंट बघून बल्ब गेला असं समजतो. तिथे डीकोडर (कंट्रोलरला साधाच बल्ब आहे असं भासवणारी डबी) लावा. ६ ओहमचा लोड रेझिस्टरही चालतो, पण १४ व्होल्टवर तो सुमारे ३३ वॅट उष्णता टाकतो; त्याला लोखंडावरच बोल्टने बसवा, वायरीला बांधू नका. एलईडीच्या मागचा पंखा मावत नाही म्हणून मागची रबरी टोपी कापली, तर उन्हाळाभर धूळ आणि जूनच्या पहिल्या पावसात पाणी आत जाणार.

शेवटी गाडी भिंतीपासून ५ मीटरवर सपाट जागी उभी करा. डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्याच्या उंचीपेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी, डाव्या बाजूला थोडी वर चढलेली. अशी कडच दिसत नसेल, नुसता पांढरा डाग पडत असेल, तर हेडलाइट वर-खाली करणारा स्क्रू कितीही फिरवा, समोरच्याचे डोळे दिपणारच. त्या रिफ्लेक्टरला तो बल्ब चालत नाही, काढून परत करा.