एकाच उपग्रहाचे दोन संकेत

मोबाइलच्या नकाशावर आपली जागा ज्या उपग्रहांमुळे कळते, त्याच उपग्रहांच्या आधारे क्षेपणास्त्रेही लक्ष्य गाठतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जीपीएस या उपग्रह यंत्रणेचे काम १९७३ मध्ये हाती घेतले आणि पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारा प्रत्येक उपग्रह प्रामुख्याने दोनच गोष्टी कळवत असतो : आपण कुठे आहोत आणि आपल्या अणुघड्याळात किती वाजले आहेत. संकेत पोहोचायला लागलेल्या वेळेवरून रिसीव्हर, म्हणजे संकेत घेणारे यंत्र, उपग्रहाचे अंतर काढते. तीन अंतरांवरून जागा ठरवता येते. परंतु रिसीव्हरचे घड्याळ साधे असल्याने त्याची चूक शोधून काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. या गणितात एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३०० मीटरची चूक. सापेक्षता सिद्धांतानुसार उपग्रहावरचे घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते, म्हणून ते उड्डाणापूर्वीच तेवढे मंद करून ठेवलेले असते.

१ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडण्यात आले आणि २६९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ही सेवा नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले. मात्र नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळली जाई आणि त्यामुळे जागा सुमारे १०० मीटर इकडेतिकडे दिसे. १९९१ च्या आखाती युद्धात लष्करी रिसीव्हर पुरेसे नव्हते, सैनिकांच्या हाती बाजारातले नागरी रिसीव्हर होते, आणि त्यामुळे ही चूक लष्करालाच तात्पुरती बंद ठेवावी लागली. मे २००० मध्ये ती कायमची थांबली.

आज लष्करी आणि नागरी संकेतांतला खरा फरक अचूकतेपेक्षा संरक्षणाचा आहे, असे मला वाटते. लष्करी संकेत सांकेतिक कुलपात बंद असल्याने त्याची नक्कल करणे अत्यंत कठीण असते. नागरी संकेताची रचना मात्र सर्वांना ठाऊक आहे, आणि जमिनीवर पोहोचेपर्यंत तो इतका क्षीण झालेला असतो की जवळचा एखादा लहान प्रक्षेपकही त्याला दाबून टाकू शकतो. त्याहून घातक म्हणजे बनावट संकेत, कारण त्यात यंत्र बंद पडत नाही. ते चुकीचे उत्तर पूर्ण विश्वासाने देत राहते. २०१३ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी भूमध्य समुद्रातील एका मोठ्या नौकेवर, मालकाच्या संमतीने, असा प्रयोग केला. खरा संकेत हळूहळू झाकत त्यांनी नौकेला मार्गावरून वळवले, आणि यंत्रणेने धोक्याची कोणतीही सूचना दिली नाही. २०१७ मध्ये काळ्या समुद्रातील अनेक जहाजांना आपण किनाऱ्यापासून आत, विमानतळावर असल्याचे दिसू लागले होते.

प्रश्न केवळ वाट चुकण्याचा नाही. मोबाइलचे मनोरे, वीजजाळ्यांचे नियंत्रण आणि बँकांचे व्यवहार अनेक ठिकाणी याच उपग्रहांच्या वेळेवर चालतात. म्हणून नागरी संकेताला दुय्यम मानणे मला चुकीचे वाटते. युरोपच्या गॅलिलिओ या उपग्रह यंत्रणेने आपल्या खुल्या संकेतावर डिजिटल स्वाक्षरी द्यायला सुरुवात केली आहे, तिच्यामुळे रिसीव्हरला माहितीचा खरेपणा तपासता येतो. संकेत दाबून टाकण्यावर मात्र स्वाक्षरीचा उपाय चालत नाही. त्यासाठी वेगातले बदल आणि वळणे मोजणारे जडत्वीय संवेदक, जमिनीवरून प्रक्षेपित होणारे रेडिओ संकेत आणि स्थानिक अणुघड्याळे अशा उपग्रहांवर विसंबून नसलेल्या साधनांची जोड द्यावी लागते.